मदत हवी आहे: ओपीटीवर आहे, लॅबमध्ये नोकरी मिळत नाहीये, दिवस संपत आलेत

जास्वंद२४ (६ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०)
ओपीटीत, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायच्या परवानगीत, नोकरीशिवाय ९० दिवसच राहता येतं. त्यातले ५५ गेले. हातात फक्त ३५ उरलेत. आत्तापर्यंत १४० अर्ज केले, सगळे रिसर्च असिस्टंट नाहीतर रिसर्च टेक्निशियनचे. दोनच फोन आले. दोन्हीकडे व्हिसाचा विषय निघाल्यावर 'कळवतो' म्हणाले आणि पुढे काहीच नाही. बाबांनी कर्जासाठी घर तारण ठेवलंय, मार्चपासून हप्ते सुरू होतील. घरी अजून काही सांगितलेलं नाही. कुणाच्या ओळखीत लॅब असेल किंवा यातून मार्ग माहीत असेल तर लवकर सांगा. नुसतं 'धीर धर' नका सांगू, प्लीज.

ह्यूस्टनकर
विषय कोणता? शहर कोणतं? थीसिस केलास की नुसतं कोर्सवर्क? पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसते ना? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मनोहर_ना
एच-१बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, आता एक लाख डॉलर लागतात. कुठलीही लॅब तेवढे पैसे भरणार नाही. त्यापेक्षा सरळ परत ये. पुण्यात आयसर आहे, एनसीएल आहे, एनसीसीएस आहे, खारघरला अ‍ॅक्ट्रेक आहे. प्रोजेक्टच्या जागांसाठी त्यांच्या साइटवर जाहिराती येतात, वॉक-इन असतात. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० झालंय, वर घरभाडं वेगळं. आपल्या माणसांत राहशील.

पीपेट
मनोहरकाका, अर्धी माहिती देऊन पोरीला घाबरवू नका. तो आदेश २१ सप्टेंबर २०२५ पासूनचा आहे आणि देशाबाहेर असलेल्यांसाठी केलेल्या नव्या अर्जांना लागू आहे. इथे एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) असलेल्या माणसाचं इथल्या इथे स्टेटस बदलायचं असेल तर ते पैसे लागत नाहीत, हे ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्यानेच स्पष्ट केलं. शिवाय एच-१बी हा तिचा आजचा प्रश्नच नाही. ओपीटी एक वर्षाची, त्यावर स्टेमचे २४ महिने. आजचा प्रश्न ९० दिवसांचा आहे.

जास्वंद, ५५ दिवस कुठल्या तारखेपासून मोजलेस?

जास्वंद२४
ओपीटीचं कार्ड १२ सप्टेंबरला पोस्टाने आलं, तेव्हापासून. मास्टर्स बायोमेडिकल सायन्समध्ये, थीसिससह. शहर मिडवेस्टमध्ये आहे, नाव लिहीत नाही. स्टेम आहे.

पीपेट
कार्ड हातात कधी आलं त्याला महत्त्व नाही. कार्डावर छापलेली सुरुवातीची तारीख बघ.

जास्वंद२४
४ सप्टेंबर. म्हणजे ५५ नाही, ६३ झाले? म्हणजे २७च उरले?

ह्यूस्टनकर
हो. शनिवार-रविवारही धरतात. पण हे आज कळलं ते बरं झालं, डिसेंबरात कळलं असतं तर अवघड होतं.

सुलभा_मेरीलँड
मी नॉन-प्रॉफिट संशोधन संस्थेत १२ वर्षं लॅब मॅनेजर आहे, टेक्निशियन मीच निवडते. एका जागेला दोनशे-अडीचशे अर्ज येतात. मी पहिले तीसच वाचते, खोटं कशाला सांगू. त्यामुळे पोर्टलवर अजून १४० अर्ज केलेस तरी हेच होणार.

माझ्याकडे गेल्या चार वर्षांत लागलेल्या पाचपैकी चार जणांनी आधी आमच्या पीआयला (लॅबप्रमुखांना) थेट ईमेल केला होता, जाहिरात निघायच्या आधी. अनुदान मिळालं की लॅबला हात लागतातच. कुणाला मिळालं हे गुपित नसतं. एनआयएचची (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) 'रिपोर्टर' नावाची साइट आहे, फुकट आणि सर्वांना खुली. तिथे आपला विषय टाकायचा, यंदा सुरू झालेली आर०१ प्रकारची संशोधन अनुदानं वेगळी काढायची. पीआयचं नाव, संस्था आणि प्रकल्पाचा गोषवारा सगळं समोर येतं. दुसरा गट नव्याने रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरांचा. त्यांच्याकडे लॅब उभी करायला पैसे असतात आणि माणसं नसतात.

आता एक सांग. हाताला काय येतं? रेझ्युमेत काय लिहिलंयस?

जास्वंद२४
वेस्टर्न ब्लॉट, क्यूपीसीआर, सेल कल्चर, इलायझा, जेल. डेटा अ‍ॅनालिसिस. टीममध्ये काम करता येतं, लवकर शिकते असंही लिहिलंय.

सुलभा_मेरीलँड
अगं, हे त्या अडीचशेपैकी प्रत्येकाने लिहिलेलं असतं. थीसिसमध्ये रोज काय करत होतीस ते सांग. रोज, सकाळी आल्यावर.

जास्वंद२४
उंदराच्या मेंदूचे क्रायोस्टॅटवर (गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप काढायचं यंत्र) काप. २० मायक्रॉनचे. हिप्पोकॅम्पस पूर्ण, पुढून मागे, क्रमाने. मग इम्युनोफ्लुरोसेन्सचं रंगकाम आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोप. दोन वर्षांत साधारण ६० मेंदू केले. सुरुवातीला काप नुसते गुंडाळायचे. चेंबर उणे २०वर ठेवलं तरी जमेना. मग कळलं की ब्लॉक आधी तासभर आत ठेवून त्याच तापमानाला आणावा लागतो आणि अँटी-रोल काच पात्याच्या धारेशी अगदी बरोबर बसवावी लागते. आता ब्रशच्या टोकाने कड धरून काप सरळ करते आणि स्लाइडवर उचलते, एका मेंदूत फार तर दोन-तीन फाटतात.

हे रेझ्युमेत एका ओळीत आहे, 'हिस्टॉलॉजी' (ऊतींचा अभ्यास) म्हणून.

पीपेट
'हिस्टॉलॉजी' म्हणून! जास्वंद, हीच तुझी नोकरी आहे. न्यूरोच्या लॅबमध्ये क्रायोस्टॅटवर स्थिर हात असलेला माणूस मिळत नाही म्हणून प्रकल्प महिनोन्महिने अडतात. आमच्याकडे एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतरच्या संशोधकाने) चार महिन्यांचे नमुने फाटक्या कापांत घालवले. ही ओळ पहिली यायला हवी, आकड्यांसकट.

सुलभा_मेरीलँड
अगदी. आणि ईमेल पाच-सहा ओळींचा. 'आदरणीय प्राध्यापक, मला तुमच्या संशोधनात खूप रस आहे' याने सुरुवात केलीस तर मी पुढे वाचत नाही. त्यांच्या नव्या अनुदानात मेंदूच्या कापांचं काम कुठे आहे ते एका वाक्यात. तू ते किती आणि कसं केलंस ते दुसऱ्या वाक्यात. कामाची परवानगी कधीपासून कधीपर्यंत आहे ते तिसऱ्यात, म्हणजे ओपीटीसाठी त्यांना आत्ता काही भरावं लागणार नाही हे त्यांना कळेल. बऱ्याच पीआयना हे खरंच माहीत नसतं, व्हिसा म्हटलं की ते घाबरून एचआरकडे बोट दाखवतात. सोबत एक चित्र जोडायचं, तुझ्याच कापाचं.

बे_एरियातला_विनू
हे विद्यापीठांचं ठीक आहे, पण तिथे पगार किती? बायोटेक कंपन्यांत बघ. सॅन डिएगो, बॉस्टन. आणि फॉर्मवर 'स्पॉन्सरशिप लागेल का' या प्रश्नाला सरळ 'नाही' लिही. तीन वर्षं तर लागणार नाहीच. मी तेच केलं होतं.

ह्यूस्टनकर
विनू, हा सल्ला देऊ नकोस. प्रश्न बहुतेक 'आत्ता किंवा पुढे' असा असतो. तिथे 'नाही' लिहिलं आणि वर्षाने एच-१बी मागितला की तेच उत्तर समोर ठेवतात. माझ्या रूममेटची ऑफर यावरून रद्द झाली. आणि कंपनी म्हणजे एच-१बीची लॉटरी, वर्षाला ६५,००० जागा अधिक अमेरिकी मास्टर्सवाल्यांच्या २०,०००. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न रुग्णालयं, ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. लॅबच्या माणसासाठी हा फार मोठा फायदा आहे.

बे_एरियातला_विनू
फायदा तेव्हा, जेव्हा विद्यापीठ टेक्निशियनसाठी एच-१बी करतं. कित्येक ठिकाणी विभागाचं धोरणच असतं की फक्त पोस्टडॉक आणि त्यावरच्यांनाच. आणि २०२५मध्ये किती विद्यापीठांनी भरती गोठवली ते बघितलंस ना? एनआयएचच्या पैशांचा काही भरवसा उरलाय का?

ह्यूस्टनकर
हे मात्र मान्य. म्हणून मुलाखतीत दोन गोष्टी विचारायच्याच: संस्था ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत आहे का (नसेल तर स्टेमचे २४ महिने मिळत नाहीत) आणि विभाग या पदाला एच-१बी करतो का. पहिल्याला 'नाही' असेल तर तिथे ओपीटीवर एका वर्षाच्या पुढे जाता येत नाही.

प्रशांत_नाशिक
नमस्कार. माझी मुलगी टीवाय बीएस्सी मायक्रोला आहे. तिला अमेरिकेला पाठवू की जर्मनीला? हा धागा वाचून काळजी वाटायला लागली. कृपया जाणकारांनी सांगावं.

रेणुका_ड्रेस्डेन
प्रशांतजी, जर्मनीत पदवीनंतर १८ महिने नोकरी शोधायला मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम चालतं, अशी ९० दिवसांची टांगती तलवार नसते. पण एक गोष्ट लोक सांगत नाहीत. इथे लॅब टेक्निशियनची पदं प्रामुख्याने त्याचंच व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेल्यांना जातात. एमएस्सी झालेल्याने अर्ज केला की 'तुम्ही पीएचडी का करत नाही' हा प्रश्न येतो. त्यामुळे मुलीची पीएचडीची तयारी असेल तरच हा विचार करा, आणि जर्मन भाषा बी१ (मधल्या) पातळीपर्यंत तरी. बाकी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

मनोहर_ना
मी परत येण्याचं वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. माझा भाचा परत आला, आता पुण्यात समाधानाने काम करतोय.

जास्वंद२४
काका, राग नाही आला. पण जेआरएफला नेट किंवा गेट लागतं, मी दोन्ही दिलेल्या नाहीत. आणि ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता ३७ हजारांत बसत नाही. तसं असतं तर आजच निघाले असते.

सुलभाताई, आज रात्रीच रिपोर्टरवर बसते. उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे, बारानंतर लॅबमध्ये जावं लागतं.

पीपेट
थांब. कुठल्या लॅबमध्ये?

जास्वंद२४
माझ्या थीसिसच्या प्रोफेसरांच्या. त्यांच्याकडे पैसे नाहीत, पण नवीन विद्यार्थिनीला क्रायोस्टॅट शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून २२ सप्टेंबरपासून जाते. सोमवार ते शुक्रवार, बारा ते पाच. पगार नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

पीपेट
बारा ते पाच, पाच दिवस म्हणजे आठवड्याला २५ तास. आणि काम तुझ्या विषयातलं. पदवीनंतरच्या पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत आठवड्याला किमान २० तासांचं, विषयाशी संबंधित, कामगार कायद्यात बसणारं विनावेतन कामही रोजगार म्हणून धरलं जातं. हे ओपीटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलंस का?

जास्वंद२४
नाही. नोकरी नाही तर काय नोंदवायचं असं वाटलं.

पीपेट
उद्या सकाळी उठल्या उठल्या डीएसओला (विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला) गाठ. लॅबमध्ये जायच्या आधी. बदल १० दिवसांत कळवायचा असतो, उशीर झालाच आहे, तो लपवू नकोस. प्रोफेसरांकडून पत्र घे: कधीपासून, किती तास, काय काम, देखरेख कोणाची. नोंद मान्य झाली तर तुझे बेरोजगारीचे दिवस ४ ते २२ सप्टेंबर एवढेच, म्हणजे १८.

अबोली_सी
मला हे पटत नाही. दोन वर्षं शिकलेल्या मुलीला २५ तास फुकट राबवून घ्यायचं आणि वर त्याला संधी म्हणायचं? मीही आठ महिने अशीच राबले. दर महिन्याला 'अनुदान येतंय' ऐकलं. शेवटी त्या जागी दुसरीला पगारावर घेतलं. जास्वंद, पत्र जरूर घे, पण तिथे अडकून राहू नकोस.

पीपेट
अबोली, तुझं म्हणणं खरं आहे. मी तिला तिथे राहा म्हणत नाही, ती जे काम आधीच करतेय त्याची नोंद कर एवढंच म्हणतोय. दोन मर्यादा आहेत: स्टेमच्या २४ महिन्यांत विनावेतन काम चालत नाही, आणि आधी त्याच कामाचा पगार मिळत असेल तर आता तेच फुकट करणं कायद्यात बसणं कठीण. जास्वंद, त्या लॅबमध्ये आधी पगारावर होतीस का?

जास्वंद२४
नाही, पगार टीचिंग असिस्टंटशिपचा होता, विभागाकडून. लॅबमध्ये थीसिसच.

किशोर_डॅलस
नोकरी लागली की पगाराच्या पावतीवर लक्ष ठेव. एफ-१वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायचं नसतं, एकूण ७.६५ टक्के. माझे वर्षभर कापले. आधी कंपनीला विचार, त्यांनी दिले नाहीत तर फॉर्म ८४३ भरून परत मिळतात.

ह्यूस्टनकर
किशोर, उपयोगाचं आहे, पण आधी पगार तर सुरू होऊ दे तिचा.

जास्वंद२४ (११ नोव्हेंबर, सकाळी ९:१५)
शुक्रवारी डीएसओंकडे गेले होते. रागावल्या, उशिरा कळवलं म्हणून, पण पत्र बघून नोंद केली, २२ सप्टेंबरपासून. प्रोफेसरांनी पत्र दहा मिनिटांत दिलं. त्यांना हा नियम माहीतच नव्हता, माहीत असतं तर पहिल्याच दिवशी दिलं असतं म्हणाले. माझे १८ दिवस मोजलेत. काल रात्री पहिल्यांदा झोप लागली. बाबांना फोन करून सगळं सांगितलं.

रेझ्युमे बदलला. रिपोर्टरवरून २६ जणांची यादी केली, ११ जणांना ईमेल गेले. प्रत्येकाचा गोषवारा वाचून लिहिते, एकाला तासभर लागतो. दोन उत्तरं आली. एकांकडे आत्ता पैसे नाहीत, फेब्रुवारीत विचार म्हणाले. दुसऱ्यांनी सोमवारी कॉल ठेवलाय आणि कापांची आणखी चित्रं मागितली आहेत. सुलभाताई, ती चित्रं अजून छापून आलेली नाहीत. दाखवू का?

सुलभा_मेरीलँड
प्रोफेसरांना विचारल्याशिवाय एकही नको. आणि ईमेलला जोडलेलं चित्र छापलेल्यातलं होतं का, हेही आजच बघ. परवानगी मिळाली तर नुसत्या डीएपीआयने (पेशींची केंद्रकं दाखवणारा रंग) रंगवलेल्या स्लाइड दाखव, निष्कर्षाची एकही नको. त्यांना तुझा हात बघायचाय, प्रोफेसरांचा डेटा नाही. फाटलेला एखादा कापही ठेव. तो का फाटला आणि पुढचा कसा वाचवला हे सांगता आलं तर मला ते दहा सुंदर चित्रांपेक्षा जास्त आवडेल. आणि ई-व्हेरिफायचं विचारायला विसरू नकोस.

जास्वंद२४
विचारते. ईमेलमधलं चित्र थीसिसमधलंच आहे, थीसिस लायब्ररीत खुला आहे. फाटलेले भरपूर आहेत, पहिल्या सहा महिन्यांचे सगळे जपून ठेवलेत.