आपल्याच समाजाला दिलेली शिवी: कादंबरीकाराला मुभा किती?

ओसरी
झोरा नील हर्स्टन या अमेरिकी कृष्णवर्णीय लेखिकेच्या १९३७च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीत मिसेस टर्नर नावाची बाई आहे. फ्लोरिडात खाणावळ चालवते. स्वतः कृष्णवर्णीयच, पण रंगाने उजळ, आणि त्याचा तोरा केवढा! नायिका जेनीकडे येऊन बसते आणि काळ्या माणसांना तीच शिवी घालते जी गोरे घालतात. जेनीचा नवरा काळाकुट्ट, हे तिच्या डोळ्यांत सलतं; आपल्या भावाशी जेनीची गाठ पडावी असा तिचा घाट. आता ही शिवी गाळून पाहा. बाई राहते, तिच्या तोंडातलं विष जातं. घरातली घाण घरच्याच माणसाने दाखवावी, आणि दाखवायची तर पदराआडून नको. त्या समाजातल्या लेखकाला पूर्ण मुभा हवी, असं माझं मत.

टाचण
उदाहरण सोयीचं निवडलंत. तिथे शिवी देणारीच उघडी पडते. क्लॉड मॅके या कृष्णवर्णीय लेखकाची १९२८ची ‘होम टू हार्लेम’ घ्या, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीची कादंबरी. त्यात तो शब्द गोदीत राबणारी दोस्तमंडळी एकमेकांना येताजाता लावतात, कुणी उघडं पडत नाही. पुस्तक धडाक्यात खपलं. ‘द क्रायसिस’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकात ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांनी लिहिलं की वाचून आंघोळ करावीशी वाटली. हार्लेमबद्दल गोऱ्यांना जे चवीने वाचायचं होतं तेच मॅके पुरवताहेत, हा त्यांचा मुद्दा. तुमच्या हर्स्टनबाईंवरही रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने जवळपास हाच ठपका ठेवला होता. लेखक आतला, गिऱ्हाईक बाहेरचं!

गावंढळ
ड्यू बॉइस हार्वर्डचे डॉक्टरेट. गोदीतली माणसं कशी बोलतात हे त्यांना ठाऊक नसेल थोडंच? ते चारचौघांत यायला नको होतं, एवढंच. हा सूर आपल्याला नवा नाही. १९७२मध्ये ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हाही भाषेवरूनच नाकं मुरडली गेली. बाहेरचा चवीने वाचेल म्हणून लेखकाने आपल्या माणसांच्या तोंडी पुस्तकी भाषा घालायची का? मग तर लेखणीवर पहारा बाहेरच्याचाच झाला.

मधलीसुट्टी
‘आतला-बाहेरचा’ यावरच सगळं तोलताय, म्हणून लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीचं सांगतो. १९२६मध्ये कार्ल व्हॅन व्हेक्टन या गोऱ्या लेखकाने कादंबरीच्या नावातच ती शिवी घातली. केवढा गदारोळ झाला! ह्यूज त्यांचे मित्र. त्या कादंबरीसाठी गाणीसुद्धा यांनीच लिहून दिली. तेच ह्यूज १९४०च्या आत्मचरित्रात म्हणतात की वास्तवासाठी असो वा विनोदासाठी, कृष्णवर्णीयांना हा शब्द कुठल्याच पुस्तकात आवडत नाही. गंमत म्हणजे १९२७मध्ये यांच्याच कवितासंग्रहाला कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांनी कचरा ठरवलं होतं. आतल्यांचं तरी एकमत कुठे होतं?

माझी अडचण वेगळी आहे. वर्गात मोठ्याने वाचताना तो शब्द मॅके यांचा राहत नाही, वाचणाऱ्याच्या तोंडचा होतो. समोर बसलेल्या एखाद्या मुलाने तो त्याच दिवशी रस्त्यावर खाल्लेला असतो.

ओसरी
@मधलीसुट्टी, ती जबाबदारी शिकवणाऱ्याची. मोठ्याने वाचू नका, पुस्तक कशाला कापता?
@टाचण, ‘होम टू हार्लेम’मधला रे विसरलात? हैतीचा, शिकलेला, रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर. पिट्सबर्गला ढेकणांनी भरलेल्या खोलीत सगळे घोरताहेत आणि हा जागा. या माणसांशी माझं नातं काय, हा प्रश्न त्याला छळतो. ड्यू बॉइस यांना वाटली ती किळस मॅके यांनी आधीच रेच्या रूपाने पुस्तकात आणली आहे.

टाचण
आणली खरी. पण रे मधूनच जहाजावर नोकरी धरून निघून जातो, आणि पुस्तकाचा उरलेला भाग त्याच्यावाचून चालतो. शिव्यांसकट.