दोन औषधे चालू असूनही आकडी थांबत नाही

प्रश्न (परभणी):
माझ्या १९ वर्षांच्या पुतण्याला लेव्हेटिरासिटाम आणि कार्बामाझेपिन नियमित देऊनही दर पंधरवड्याला आकडी येते; आधी तो शून्यात पाहत ओठ चाटतो, मग उजवा हात ताठ होतो. तिसरी गोळी वाढवावी की मोठ्या केंद्रात न्यावे?

उत्तर (लातूर):
योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबले नाहीत, तर २०१०च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तो औषधांना न जुमानणारा अपस्मार (आकडीचा आजार) ठरतो आणि सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या बाबतीत असे घडते. मात्र आधी मात्रा, चुकलेल्या गोळ्या, जागरण आणि मुळातले निदान डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आपण वर्णिलेली लक्षणे मेंदूच्या टेम्पोरल खंडाकडे (कानामागच्या बाजूकडील भागाकडे) बोट दाखवतात. म्हणून नुसती गोळी वाढवत बसण्यापेक्षा व्हिडिओ-ईईजी (झटक्याच्या चित्रणासोबत मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) आणि अपस्मारासाठीचा खास एमआरआय करून शस्त्रक्रियेचा विचार लवकर व्हावा, असे माझे मत आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल या वैद्यकीय संस्थेत ही शस्त्रक्रिया १९९५पासून होते.

उत्तर (बीड):
तोवर झटक्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. कांदा-चप्पल हुंगवणाऱ्यांना (आपल्याकडे ते हमखास धावून येतात) दूर सारून त्याला कुशीवर वळवावे आणि पाच मिनिटांत झटका न थांबल्यास डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा फवारा नाकात मारून दवाखाना गाठावा. विहिरीवर त्याला एकट्याला पाठवू नये.