मदत हवी आहे: न्यूमोनियातला 'प' मुका, मग ॲप्नियातला का बोलतो?

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहिते आहे. भाची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा सगळी हिंदी माध्यमातली. रोज रात्री माझ्यासमोर इंग्रजी वैद्यकीय शब्द म्हणून दाखवते आणि मी, मराठीची निवृत्त बाई, चुका काढते. आता मीच अडकले!

न्यूमोनिया आणि ॲप्निया (श्वास मधेच थांबणे), दोन्ही शब्दांत ग्रीक 'प्न' आहे. इंग्रजीत शब्दारंभीचा 'प' गळतो, म्हणून न्यूमोनिया. ॲप्नियात तो आधीच्या स्वराला चिकटून टिकत असावा, ॲप्-निया. आपण 'स्वप्-न' म्हणतो तसा. बरोबर आहे का?

खरी पंचाईत फोडीची, म्हणजे शब्दाचे तुकडे कुठे पाडायचे याची. नेफ्रॉलॉजी अर्थाने नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, अधिक लॉजी. बोलताना मात्र ने-फ्रॉ-ल-जी, आघात 'फ्रॉ'वर. अपेंडेक्टमीत (अपेंडिक्स काढण्याची शस्त्रक्रिया) 'एक्' म्हणजे बाहेर, 'टमी' म्हणजे कापणे. जीभ मात्र 'डेक्' असा तुकडा पाडते. संधी सोडवताना आपण अर्थ बघतो, ती सवय इथे चालेल का? की पाठांतराला एक फोड आणि उच्चाराला दुसरी, अशा दोन्ही शिकवू?

ऑफ्थॅल्मॉलॉजीला, म्हणजे नेत्रशास्त्राला, तर तिचा अख्खा वर्ग 'ऑप्थल' म्हणतो. तोंडी परीक्षा जवळ आली आहे. कुणी डॉक्टर किंवा भाषेची जाण असलेलं सांगेल का?