लांब पल्ल्याच्या स्वस्त विमानकंपनीला खरोखर भवितव्य आहे का?

हिशेबनीस (धागाकर्ता)

दर दोन-चार वर्षांनी एखादी नवी कंपनी पुढे येते आणि महासागर ओलांडण्याचे तिकीट प्रस्थापित कंपन्यांपेक्षा कितीतरी स्वस्त देऊ, असे जाहीर करते. तिच्या स्वागताचे लेख वाचले की मला फ्रेडी लेकर आठवतात. २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांची 'स्कायट्रेन' लंडनजवळच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाली, तेव्हा एका बाजूचे भाडे ५९ पौंड होते. आगाऊ आरक्षण नव्हते आणि जेवणाचे पैसे वेगळे द्यावे लागत. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी ती कंपनी बुडाली. पुढे ओअॅसिस हाँगकाँग २००६ ते २००८ एवढेच उडाली, प्रायमेरा ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद पडली, आइसलँडची वाव मार्च २०१९ मध्ये गेली, नॉर्वेजियनने २०१३ मध्ये सुरू केलेली लांब पल्ल्याची सेवा जानेवारी २०२१ मध्ये गुंडाळली आणि वावच्याच वाटेने निघालेली प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये थांबली.

एवढ्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात एकच चूक केली असे म्हणण्यापेक्षा मूळ कल्पनेतच खोट आहे, असे मला वाटते. जवळच्या पल्ल्यावर स्वस्त कंपनी जिंकते, कारण तिचे विमान पंचवीस मिनिटांत पुन्हा उडते आणि दिवसाला सहा-आठ फेऱ्या करते, शिवाय कर्मचारी रात्री आपापल्या घरी झोपतात. आठ तासांच्या उड्डाणात यातले काय उरते? मोठ्या कंपन्यांची विमानेही त्या मार्गांवर दिवसाला तेरा-चौदा तास हवेत असतातच, त्यामुळे वेळ वाचवून मिळणारी आघाडी तेथे संपते. कर्मचाऱ्यांना परक्या शहरात हॉटेलात उतरवावे लागते. इंधन तर सर्वांनाच सारख्या भावाने घ्यावे लागते आणि पल्ला वाढेल तसा खर्चात त्याचा वाटाही वाढतो, कारण दूर जायचे म्हणजे वाटेत जाळायचे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जाळावे लागते. म्हणून नव्याने, स्वतःच्या बळावर उभ्या राहणाऱ्या अशा कंपनीला मी पाच वर्षांपलीकडे आयुष्य देणार नाही.

उत्तरवारा

आपली यादी बरोबर आहे, पण तीतून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. आपण खर्चाचा हिशेब विमानामागे मांडला. तो आसनामागे मांडायला हवा. ब्रिटिश एअरवेजने आपल्या बोइंग ७८७-९ मध्ये २१६ आसने बसवली. तेच विमान नॉर्वेजियनने ३४४ आसनांनी भरले आणि तिच्या पाठोपाठ आलेली नॉर्स अटलांटिक ३३८ आसनांनी उडवते. दोन्हीकडे इंजिने तीच, वैमानिक तितकेच आणि उतरण्याचे शुल्कही जवळपास सारखेच. केबिन कर्मचारी थोडे वाढतात आणि वजन वाढल्याने इंधन थोडे जास्त लागते, हे मान्य. तरीही त्याच उड्डाणाचा खर्च २१६ ऐवजी ३३८ जणांत वाटला की एकेकाचा भार सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. ही आघाडी वेळ वाचवण्यातून आलेली नसल्याने पल्ला वाढला म्हणून ती नाहीशी होत नाही.

शिवाय प्रत्येक कंपनी का बुडाली, हे वेगवेगळे तपासले पाहिजे. लेकर यांची कर्जे डॉलरमध्ये होती आणि उत्पन्नाचा मोठा भाग पौंडात. पौंड घसरताच हप्ते झेपेनासे झाले. त्याआधी १९७९ मध्ये शिकागोच्या अपघातानंतर लेकर वापरत असलेली डीसी-१० विमाने जगभर जमिनीवर उभी राहिली होती. मोठ्या कंपन्यांनी संगनमताने भाडी पाडली असा दावाही पुढे अमेरिकेत लढवला गेला आणि १९८५ मध्ये तो तडजोडीने मिटला. नॉर्वेजियनच्या ७८७ विमानांची रोल्स-रॉइस इंजिने वारंवार दुरुस्तीला गेली, मार्च २०१९ मध्ये ७३७ मॅक्सवर बंदी आली आणि त्यानंतर महासाथ. इतकी संकटे एकाच कर्जबाजारी कंपनीवर कोसळल्यावर दोष कल्पनेला द्यायचा की ताळेबंदाला?

हिशेबनीस

आसनांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण माझ्या मते आपला युक्तिवाद तेथेच अडखळतो. ब्रिटिश एअरवेजच्या त्या २१६ आसनांची विभागणी पाहा: ८ पहिल्या वर्गाची, ४२ बिझनेस क्लासची, ३९ प्रीमियम इकॉनॉमीची आणि १२७ साधी. पुढच्या पन्नास आसनांवरचा प्रवासी बहुधा कामानिमित्त उडतो, तिकीट उशिरा काढतो आणि मागच्या प्रवाशाच्या कित्येक पट पैसे देतो. उड्डाणाचा बराचसा खर्च महागडा वर्ग वेगळा करणाऱ्या पडद्यापुढेच निघाला की मागची उरलेली आसने ती कंपनी कोणत्याही भावाने विकू शकते. नव्या कंपनीने ते पन्नास प्रवासी सोडून दिले आहेत आणि त्या जागी शे-सव्वाशे जादा आसने बसवली आहेत, जी तिला प्रत्येक फेरीला बाजारातल्या सर्वांत कमी भावाच्या गिऱ्हाइकाने भरायची आहेत. आपण आसनामागचा खर्च मोजलात; मी आसनामागचे उत्पन्न मोजतो आहे.

हेही उन्हाळ्यात जमेल. अटलांटिकवर जुलैमध्ये कोणाचेही विमान भरते. नोव्हेंबर ते मार्च या काळात मात्र पर्यटक घरी बसतो आणि लीजचा हप्ता दर महिन्याला येतच राहतो. मोठी कंपनी तेव्हा आपल्या केंद्रावर गोळा होणाऱ्या, कुठूनतरी येऊन कुठेतरी जाणाऱ्या प्रवाशांनी विमान भरते. दोन शहरांमधील थेट प्रवाशांवरच विसंबलेल्या कंपनीकडे तो ओघ नसतो.

(संगनमताचा दावा मिटला, हे खरे. पण लेकर यांची विमाने त्यामुळे परत आली नाहीत.)

रात्रपाळी

मी विमानसेवेच्या परिचालनात बरीच वर्षे काढली आहेत. आपण दोघेही विमाने रोज ठरल्या वेळी उडतात असे गृहीत धरून वाद घालत आहात, म्हणून एक भर घालतो.

नव्या कंपनीकडे सुरुवातीला चार-पाच विमाने असतात आणि भाडे कमी ठेवायचे तर एकही विमान राखीव ठेवता येत नाही. त्यातले एक परदेशात बिघडले की सुटा भाग पाठवायला एक दिवस जातो; दरम्यान कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपतात, परतीचे प्रवासी हॉटेलात जातात आणि पुढचे दोन दिवस वेळापत्रक विस्कटते. शंभर विमानांच्या कंपनीत हाच बिघाड संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला, तर प्रत्येक प्रवाशाला ६०० युरो भरपाई द्यावी लागते आणि नेहमीच्या तांत्रिक बिघाडाची सबब तेथील न्यायालयाने मान्य केलेली नाही. ३३८ आसनांचे विमान भरलेले असेल, तर एका उशिराची किंमत २,०२,८०० युरो होते, हॉटेल आणि जेवण वेगळे. तिकीट २०० युरोला विकले असले, तरी भरपाई ६०० युरोच.

मी स्वतः अशाच एका कंपनीच्या विमानाची एकोणीस तास वाट पाहिली आहे. काउंटरवरची मुलगी बिचारी एकटीच होती आणि तिच्याकडे सांगण्यासारखे काहीही नव्हते. तेव्हा राग आला. नंतर वाटले की त्या रात्री आमच्यापेक्षा कंपनीचेच नुकसान अधिक झाले.

खिडकीची जागा

चर्चा अटलांटिकवरच अडकून पडली आहे. पूर्वेकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. सिंगापूर एअरलाइन्सची स्कूट २०१२ पासून, क्वांटासची जेटस्टार लांब पल्ल्यावर २००६ पासून आणि जपान एअरलाइन्सची झिपएअर २०२० पासून उडते आहे. झिपएअरच्या ७८७-८ मध्ये २९० आसने आहेत आणि त्यांतली १८ पूर्ण आडवी होणारी आहेत. एअरएशिया एक्सने ए-३३० मध्ये ३७७ आसने बसवताना पुढे १२ बिछान्यांची सोय ठेवली. म्हणजे पुढच्या पडद्याचे महत्त्व या लोकांनाही कळले होते. त्यांनी तो फक्त लहान केला. सेबू पॅसिफिक तर ए-३३० निओमध्ये ४५९ माणसे बसवते. अशा विमानात बसण्याची हौस मला नाही, पण घरापासून दूर राबणाऱ्या माणसाला वर्षातून एकाऐवजी दोनदा घरी जाता येत असेल, तर त्याच्या गुडघ्यांविषयीची काळजी मी स्वतःजवळच ठेवीन.

हिशेबनीस

आपली उदाहरणे खरी आहेत आणि ती माझ्याच बाजूने बोलतात. स्कूट, जेटस्टार आणि झिपएअर या तिघींच्या मागे आई उभी आहे: विमाने तिच्या मागणीतून येतात, देखभाल तिच्या अनुभवावर चालते आणि वाईट वर्षी पैसाही तिचाच. एअरएशिया एक्सला एअरएशियाच्या जाळ्याचा ओघ मिळतो. तरीसुद्धा तिने २०१२ मध्ये लंडन आणि पॅरिस सोडले, मध्यम पल्ल्यावर लक्ष दिले आणि २०२१ मध्ये तिला कर्जांची पुनर्रचना करावी लागली. आईचा आधार असणेही पुरेसे नाही, हे एअर फ्रान्सच्या 'जून' नावाच्या कंपनीने दाखवले. ती २०१७ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये बंद झाली. माझा प्रश्न सुरुवातीपासून स्वतंत्र, नव्या कंपनीविषयी आहे.

तळटीप

दोन मार्गिकांच्या, म्हणजे आसनांमधून चालायला दोन वाटा असलेल्या, मोठ्या विमानाचाच हट्ट का? नोव्हेंबर २०२४ पासून एअरबसचे ए-३२१ एक्सएलआर प्रवासी सेवेत आहे. एका मार्गिकेचे हे विमान ८,७०० किलोमीटरपर्यंत जाते आणि त्यात साधारण दोनशे माणसे बसतात. आसनामागचा खर्च दाटीने भरलेल्या मोठ्या विमानापेक्षा कमी नसेलही, पण पूर्ण फेरीचा खर्च बराच कमी आहे आणि हिवाळ्यात ३३८ ऐवजी २०० गिऱ्हाइके शोधणे सोपे. ज्या दोन मध्यम शहरांमध्ये आज कोणीच थेट उडत नाही, तेथे नवी कंपनी एकटीच असेल. पुढे हिवाळ्यात तेच विमान जवळच्या मार्गांवर वळवता येते, जे ७८७ ला परवडत नाही.

हिशेबनीस

हा या धाग्यातला सर्वांत सशक्त विरोध आहे आणि मला त्याचे पूर्ण उत्तर देता येत नाही. दोनच शंका नोंदवतो. ए-३२१ निओच्या लांब पल्ल्याच्या विमानांवर प्रायमेराने सगळी भिस्त ठेवली होती; ती विमाने उशिरा मिळाली आणि कंपनी टिकली नाही. नव्या कंपनीला नवे विमान हवे असेल, तर रांगेत तिचा क्रमांक शेवटचा असतो. दुसरे म्हणजे ए-३२१ एक्सएलआर सर्वांत आधी उडवले ते आयबेरियाने, म्हणजे एका जुन्या कंपनीने. मार्ग चांगला चालतो असे दिसले की तीच कंपनी त्याच विमानाने त्या मार्गावर येईल आणि तिच्या पडद्यापुढे बिझनेस क्लास असेल.

उत्तरवारा

शेवटी नॉर्सकडेच वळतो, कारण या चर्चेची खरी परीक्षा तीच आहे. २०२१ मध्ये तिने महासाथीमुळे रिकामी उभी असलेली, एकेकाळी नॉर्वेजियनकडे असलेली ७८७ विमाने चांगल्या अटींवर भाड्याने घेतली आणि जून २०२२ मध्ये ऑस्लोहून न्यूयॉर्कला पहिले उड्डाण केले. हिवाळ्याचा प्रश्न तिलाही सुटला नाही, हे मी मान्य करतो. म्हणून तिने सहा ७८७-९ विमाने वैमानिकांसह इंडिगोला भाड्याने देण्याचे करार केले आणि २०२५ पासून ती विमाने तिकडे जाऊ लागली. ठरलेले भाडे ठरलेल्या तारखेला मिळते, मग विमान भरो वा न भरो. मी याला पराभव म्हणणार नाही. दुकानाचा अर्धा गाळा भाड्याने देणारा दुकानदार उरलेल्या अर्ध्यात व्यापारच करत असतो.

हिशेबनीस

करत असतो, पण मग दुकानाचे भाडे कोण भरते आहे तेही विचारावे लागेल. या कंपनीने टिकाव धरला तर मी माझी पाच वर्षांची मुदत जाहीरपणे मागे घेईन. अट एवढीच की मोजणी फेब्रुवारीत करायची आणि त्या महिन्यात स्वतःची तिकिटे विकून उडणारी विमानेच धरायची.