मदत हवी आहे : वडिलांसाठी टचस्क्रीनचा प्लेअर घ्यावा का?

नमस्कार मंडळी. वडिलांनी सोलापुरात चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला. आता घरीच असतात, दिवसभर भजनं ऐकतात. जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली त्यांची भजनं साधारण ४० जीबी भरतात. मोबाइलवर ऐकताना मध्येच फोन येतो आणि भजन तुटतं, त्याचा त्यांना फार त्रास होतो. म्हणून फक्त ऐकण्यासाठी वेगळं यंत्र हवं आहे.

नवी पेठेतल्या एका दुकानात २०१९ चा आयपॉड टच पाहिला, १२८ जीबीचा, वापरलेला. हलका आहे, स्क्रीन स्वच्छ, हेडफोनची पिन थेट बसते, आवाजाची बटणं कडेला आहेत. पण मेमरी कार्ड घालायला जागा नाही, एफएम रेडिओ नाही आणि गाणी भरायला दरवेळी कॉम्प्युटरवर आयट्यून्ससारखं ॲपलचं सॉफ्टवेअर उघडावं लागतं. ॲपलने २०२२ मध्ये हे मॉडेल बंदच केलं, त्यामुळे बॅटरीची धास्ती वाटते.

खरी अडचण मात्र त्यांच्या बोटांची आहे. सूत हाताळून अंगठ्याचं कातडं इतकं जाड झालंय की दुकानात तीनदा दाबल्यावर एकदा स्क्रीनला कळलं. आणि खिशात हात घालून, न बघता भजन थांबवायची त्यांची सवय टचस्क्रीनवर कशी जमणार?

कुणाच्या घरी वयस्कर माणूस असा प्लेअर वापरतो का? की बटणांचा, कार्डवाला साधा प्लेअर बरा? सोलापुरात आयपॉडची बॅटरी खात्रीने बदलून देणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा.