चिठ्ठीत येईल ती बाजू
वेगळ्या मतांची पोरं एका खोलीत बसवली की मोकळी चर्चा आपोआप होते असं कुणी कुणी म्हणतं, नाही हो होत, आपापल्या कंपूत बसतात आणि समोरच्याची हुर्यो उडवतात. न पटणारी मतंही विद्यापीठात मांडू द्यावीत असं सांगणारा शिकागो विद्यापीठाचा २०१५ चा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा अहवाल छानच आहे, पण कागदाने ऐकायची सवय लागत नाही ना.

आमच्या इथे नाशकात कॉलेजच्या वादसभेत बाजू चिठ्ठीने ठरायची, तीही दहा मिनिटं आधी. एकदा विषय होता गोदावरीच्या पात्रातलं काँक्रीट काढावं का, मी पक्का काढा-वाला आणि चिठ्ठी निघाली 'विरोधात'! मग काँक्रीट काढलं तर बुधवारच्या बाजारात घाटावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी कुठे जातील हे पहिल्यांदा डोक्यात आलं (हरलो, ते सोडा). आणि दुसरा नियम, समोरच्याचा मुद्दा आधी आपण सांगायचा, तो 'हो, हेच म्हणतोय' म्हणाला तरच खोडायचा. निम्मी पोरं तिथेच अडकायची.