मदत हवी आहे: हवा-पाण्याच्या प्रयोगातले फ्लडिंगचे आकडे वाफेला कसे लावायचे?

नमस्कार मंडळी,

दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्टीत लहान गळती होऊन पाणी कमी झालं, की गाभ्यातली वाफ हॉट लेगमधून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या मोठ्या पाइपातून, स्टीम जनरेटरकडे जाते, तिथे थंड होऊन तिचं पाणी होतं आणि त्यातलं काही पाणी त्याच पाइपातून गाभ्याकडे परत येतं. वर वाफ, खाली पाणी, दिशा विरुद्ध. वाफेचा वेग फार वाढला तर ती पाण्याला परतूच देत नाही; यालाच फ्लडिंग म्हणतात. अपघातात गाभा किती काळ थंड राहील हे काही अंशी या मर्यादेवर ठरतं, म्हणून ती नीट मोजायची आहे.

माझी मांडणी: ५० मिमी व्यासाची ॲक्रिलिकची आडवी नळी, टोकाला वर वळणारा बेंड. वरून पाणी, समोरून कॉम्प्रेसरची हवा. वळणातून वेगाने उतरणारं पाणी आडव्या भागात एकदम मंदावतं आणि तिथेच पातळी उसळते. हवा वाढवत नेली की तीच लाट नळीच्या छतापर्यंत चढते आणि पाणी उलटं ढकललं जातं.

अडचण पहिली. फ्लडिंग सुरू झाल्यावर हवा कमी करत आणली, तर सुरुवातीच्या बिंदूवर ते थांबत नाही. बऱ्याच खाली यावं लागतं. मग मर्यादा म्हणून कोणता बिंदू द्यायचा? मला खालचा योग्य वाटतो, कारण सुरक्षेच्या हिशेबात कमी पाणी परतेल असं धरणंच बरं. पण बरेच जण सुरुवातीचा बिंदू देतात, म्हणून तुलना जुळत नाही.

दुसरी अडचण मोठी. साध्या दाबाला पाणी हवेच्या सुमारे ८३० पट घन असतं. ७० बारला पाणी आणि वाफ यांचं हेच गुणोत्तर २० च्या आसपास येतं. हा फरक वॉलिस अंकात (वायूचा वेग, घनता आणि पाइपाचा व्यास एकत्र मांडणारा एककरहित अंक) सामावतो. मर्यादा वॉलिस अंक १ धरली, तर माझ्या नळीत हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर येतो आणि ०.७५ मीटरच्या पाइपात ७० बारला वाफेचा जवळपास १२. पण पृष्ठताण ०.०७२ वरून ०.०१८ न्यूटन प्रति मीटरपर्यंत घसरतो, त्याला वॉलिस अंकात जागाच नाही. कुटाटेलाझे अंक या अशाच दुसऱ्या अंकात पृष्ठताण आहे, पण व्यास नाही. जर्मनीतल्या मानहाइमच्या यूपीटीएफ या चाचणी केंद्रात पूर्ण आकाराच्या हॉट लेगवर ३ आणि १५ बारला वाफ-पाण्याचे प्रयोग झाले आणि तिथे वॉलिस अंक चालला. तो निष्कर्ष माझ्या अरुंद नळीपर्यंत ओढणं मला धाडसाचं वाटतं.

हवेचं पाणी होत नाही, वाफेचं होतं. पाणी थोडंही थंड असलं तर वाटेतच वाफ घटणार, आणि ते माझ्या मांडणीत दिसणारच नाही.

तर विचारायचं आहे: लहान नळीत पृष्ठताणाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी पाण्यात सर्फॅक्टंट (साबणासारखा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ) घालून कुणी पाहिलं आहे का? फेस झाला तर लाटेचं रूपच बदलेल अशी भीती आहे. की व्यास वाढवणं हाच खरा मार्ग? आणि हवा आत येते तिथली नळीची कड तीक्ष्ण ठेवावी की गोल? प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी लिहिलं तर फार मदत होईल. प्रवाहाचे आकडे आणि व्हिडिओ हवे असतील तर इथेच टाकते.